.४४ मॅग्नमच्या धक्क्याने मनगट दुखते, मदत हवी आहे

नाशिकमध्ये मी १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो. टेक्सासमध्ये थोरल्या भावाकडे गेलो की तिथल्या रेंजवर त्याचे .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचे रिव्हॉल्व्हर चालवतो, त्यामुळे इथल्या परवान्याचा प्रश्न नाही. १९५५ साली आलेल्या या काडतुसाची ताकद आणि त्या जड, देखण्या यंत्राची घडण यांचे मला मनापासून आकर्षण आहे. मात्र रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असल्याने बार निघताच तोंड वर उसळते, सगळा जोर अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचकीवर येतो आणि मनगट इतके ठणकते की परतल्यावर एअर पिस्तूलही स्थिर धरवत नाही.

रबरी मूठ, जाड हातमोजे आणि दोन्ही हातांची घट्ट पकड हे उपाय केले. त्याने तळहाताची आग कमी झाली, मनगटाचे दुखणे कायम राहिले. एक्स-रेमध्ये हाडाला इजा आढळलेली नाही. रिव्हॉल्व्हर भावाचे असल्याने त्यात कायमचा बदल करता येणार नाही.

त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारी, कमी धक्क्याची .४४ स्पेशल काडतुसे वापरून हळूहळू मॅग्नमकडे जावे, की आधी कोपर किंचित वाकवून धक्का खांद्यापर्यंत जाऊ देण्याची पद्धत शिकावी? ज्यांनी प्रत्यक्ष असा सराव केला आहे, त्यांच्या मनगटाला यांपैकी कशाने आराम पडला?