सल्ला हवा: कीबोर्डसाठी लिनियर स्विच, जाड आवाज, बजेट २५००

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. राहायला सांगलीत, विश्रामबागेत. काम घरून, पण वेळ अमेरिकेची, म्हणजे घरचे झोपले की माझं सुरू. ७५ टक्के साइजचा सेकंड हँड कीबोर्ड आहे. हॉट-स्वॅप (सोल्डर न करता स्विच बदलता येतात), प्लॅस्टिक केस, आत क्लिक करणारे ब्लू स्विच. आई म्हणते, दार लावलं तरी क्लिकक्लिक ऐकू येतं. लिनियर, म्हणजे क्लिक न करता सरळ खाली जाणारे, टाकायचेत. व्हिडिओत येतो तसा जाड 'थॉक' हवा. बजेट २५००, त्यातच सगळं. कीबोर्ड बदलायचा नाहीये.

अजिंक्यतारा_४१५
प्लॅस्टिक केसमध्ये थॉक शोधू नकोस. माझा अल्युमिनियमचा आहे, गॅस्केट माउंट (स्विचची प्लेट मऊ पट्ट्यांवर टेकलेली), पॉलिकार्बोनेट प्लेट, वजन दोन किलोच्या वर. टेबलावरून इंचभर सरकत नाही. बारा-तेरा हजार एकदाच जातात. साताऱ्याला आलास तर घरी ये, ऐकवतो.

कृष्णाकाठ
दादा, २५००.

अजिंक्यतारा_४१५
ईएमआय असतो.

शाईपेन
आधी एक ठरवा, शांत हवा की जाड? लिनियरला ब्लूची क्लिक नसते, पण की तळाला आपटते तो आवाज राहतोच. आईंच्या झोपेचा प्रश्न असेल तर सायलेंट लिनियर घ्या. त्यांच्या आतल्या खाली-वर होणाऱ्या दांड्याला रबर असतं, की आपटत नाही. पण मग थॉक विसरा.

थॉकच हवा तर गॅटेरॉन कंपनीचे मिल्की यलो स्विच. साधारण ५० ग्रॅम दाबाला लागतात, म्हणजे चेरी कंपनीच्या रेडच्या ४५ आणि ब्लॅकच्या ६० च्या मधे. मला नव्वद नग दोन हजारांच्या आत पडले. दुधी घराचा (स्विचच्या बाहेरच्या कवचाचा) आवाज पारदर्शक घरापेक्षा जाड येतो. ल्युब, म्हणजे स्विचच्या आत वंगण, मात्र स्वतः करा.

भडंगवाला
+१ मिल्की यलो. ल्युब मस्ट.

तीस_शब्द_मिनिट
आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एका हॉलात ओळीने रेमिंग्टन खडखडायच्या. वरच्या मजल्यावरची पोरं त्यातच झोपायची. मराठी ३० ची परीक्षा मी त्यावरच दिली. आवाजासाठी पैसे मोजायचे दिवस आले का आता? सातशे-आठशेचा साधा मेंब्रेन कीबोर्ड घ्या आणि कामाला लागा.

भडंगवाला
काका, धागा कशाचा आहे ते तरी बघा.

मिरज_जंक्शन
सगळे स्विचवरच तुटून पडलेत. तंबोऱ्याचा भोपळा निवडताना आमच्याकडे आधी टिचकी मारून बघतात, तारांचं नंतर. तुमच्या केसचा तळ पोकळ आहे, तोच घुमतोय. स्क्रू काढा, पीसीबीच्या (आतल्या सर्किट बोर्डाच्या) मागच्या अंगाला मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या, केसच्या तळाला पातळ फोम. चमकती अल्युमिनियमची टेप चुकूनही नको, शॉर्ट होईल. शे-दीडशेत काम. आवाज किती बदलतो ते ऐका आणि मग स्विचचं ठरवा.

शाईपेन
टेपला सहमत. पण तंबोरा जवारीने, तारेच्या त्या झंकाराने, बोलतो, नुसत्या भोपळ्याने नाही.

मिरज_जंक्शन
जवारी घोडीवर लागते, मान्य. पण मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा नीट वाळलेला नसेल तर जवारी काय करणार? उगाच नाही २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं.

अजिंक्यतारा_४१५
आमच्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० लाच मिळालंय.

भडंगवाला
हळद, बेदाणा, आता सतार. सांगलीवाले थकणार नाहीत, तुम्ही मोजत बसा.

कोयना_बॅकवॉटर
स्विचच्या पिनांबद्दल एकही जण बोललेला नाही, कमाल आहे! मला आले ते पाच पिनांचे, बोर्ड तीन पिनांचा. दुकानदार परत घेईना, वर मलाच शहाणपणा शिकवला. शेवटी प्लॅस्टिकचे जादा दोन पाय नेलकटरने छाटले, बसले झकास. धातूच्या पिना छाटायच्या नाहीत, हे सांगायला लागू नये. स्विच बसवताना सॉकेटला खालून बोटाचा आधार द्या आणि सरळ दाबा. पिन वाकडी गेली आणि तुम्ही जोर केलात तर सॉकेटच उखडतं, मग फिरा सोल्डरिंगवाला शोधत.

भडंगवाला
ल्युब विसरू नका.

शाईपेन
ल्युब ल्युब सगळे म्हणतात, कसं ते सांगत नाहीत. क्रायटॉक्स २०५जी० ग्रीस घ्या, छोटी डबी पुरते. स्विच उघडा, दांड्याच्या बाजूच्या कडा आणि घराच्या आतल्या खाचा, एवढ्याच ठिकाणी बारीक ब्रशने लावा. प्लॅस्टिक नुसतं ओलसर दिसलं पाहिजे. पांढरा थर दिसला की जास्त झालं, मग की सुस्त उठते. स्प्रिंगा एका पिशवीत घालून क्रायटॉक्स १०५ तेलाचे थेंब टाका आणि खुळखुळवा, टणटण जाते.

आणि स्पेसबार! तुम्ही कुठलेही स्विच घाला, स्टॅबिलायझरची (लांब की सरळ दाबली जावी म्हणून असते ती) तार खडखडली की सगळा थॉक वाया. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. एंटर, शिफ्ट, बॅकस्पेसलाही.

अजिंक्यतारा_४१५
एवढी मजुरी करण्यापेक्षा अल्युमिनियम.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मिरजकर, टेप लावली, तळाचा पोकळ आवाज खरंच बसला. स्पेसबारलाही ग्रीस लावलं. बोर्ड पाच पिनांचा निघाला, तो प्रश्न मिटला.

स्विच मात्र पारदर्शक घराचे मागवलेत, फॅक्टरी ल्युब केलेले. मी दिवा बंद ठेवून काम करतो, कीकॅपची अक्षरं खालच्या लाइटवर वाचतो. मित्राकडे दुधी लावून पाहिले, उजेड मिणमिणता येतो. शिवाय नव्वद स्विच उघडून ब्रश फिरवत बसणं माझ्याच्यानं होणार नाही. आवाज थोडा चिरका आला तर येऊ दे. उरलेल्या पैशांत जाड डेस्कमॅट घेतोय.

शाईपेन
एवढं टाइप कशाला केलं मी.

अजिंक्यतारा_४१५
दिवाळीपर्यंत अल्युमिनियम घेणार तू. लिहून ठेव.

तीस_शब्द_मिनिट
काढलेल्या ब्लूंचं काय करणार? भाच्याच्या कीबोर्डातले स्विचपण निघतात म्हणे. टेबलावर काहीतरी वाजायला हवं हो. व्यनि करा.