मदत हवी आहे: डायलिसिसवाल्या माणसाची रोजची हालचाल मोजायची कशी?

बाबा ६४ वर्षांचे, किडनीचा जुना आजार, वर्षभर डायलिसिस चालूये, आठवड्यातून ३ वेळा गुहागरहून चिपळूणला. डॉक्टर म्हणाले चालणं हळूहळू वाढवा, पण आधी २ आठवडे आत्ता किती होतंय ते मोजून आणा. इथेच अडलंय.

फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हातात आहे, त्या हाताला घट्ट काही बांधायचं नाही, म्हणून फिटनेस बँड उजव्या मनगटावर घातला. तर बाबा आगरात नारळ सोलायला बसले की पावलं धडाधड वाढतात, आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना काठी त्याच हातात असते ना, तेव्हा जवळजवळ काहीच मोजत नाही! मोबाईलवर पण करून बघितलं, पण लुंगीला खिसा कुठे, तो ओटीवरच राहतो. वही दिली तर रोज एकच, "बरंच चाललो".

डायलिसिसच्या दिवशी ४ तास खाटेवर, वर गाडीचा प्रवास, घरी आले की झोपच, त्यामुळे ते आकडे अगदीच खाली जातात. घोट्याला सूज येते म्हणून पायात पट्टा नको. बजेट दीड हजारापर्यंत.

कमरेला अडकवायचा साधा पेडोमीटर कोणी वापरलाय का, एवढ्या सावकाश चालीत तो पावलं नीट धरतो का? आणि सरासरी काढताना डायलिसिसचे दिवस वेगळे धरायचे की सगळे एकत्र?