लुलू-नाना: माणूस चुकला की वाटच चुकीची?

रानवारा: चीनच्या शेनझेनमधल्या हे जियानकुई या शास्त्रज्ञाने क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राने गर्भाचं जनुक बदललं आणि २०१८ मध्ये लुलू आणि नाना या जुळ्या मुली जन्मल्या. (हो, नाना ही मुलगी आहे.) एचआयव्ही होऊ नये म्हणून. पुढे त्याला ३ वर्षं कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. माझ्या मते शिक्षा कमीच. एचआयव्ही वडिलांना होता, आईला नाही. अशा जोडप्यांसाठी शुक्राणू धुऊन घ्यायची साधी पद्धत आधीपासून आहे. मग गर्भाला कात्री कशाला?

चष्मिष्ट: माणूस चुकला, कबूल. पण म्हणून वाटच बुजवायची? माझ्या भाच्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थंडी पडली की गुडघे धरून रात्रभर कण्हतो, ताई गरम पाण्याची पिशवी बदलत बसते. तिला विचारा कात्री कशाला.

रानवारा: ताईंबद्दल वाईट वाटतं. पण आईवडील दोघे वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगून असले, तर दर खेपेला धोका चारात एक. आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून निरोगी निवडता येतो. शिवाय २०२३ मध्ये सिकलसेलवरचा कॅस्गेव्ही हा क्रिस्पर-उपचार मंजूर झालाय. त्यात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या पेशी बदलतात, पुढच्या पिढीत काही जात नाही.

चष्मिष्ट: कॅस्गेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, वर आधी केमो. आणि नवरा-बायको दोघंही रुग्ण असतील तर? निवडायला एकही निरोगी गर्भ नसतो. त्यांनी काय करायचं ते सांगा.

जुनीखोड: मला भीती वेगळीच आहे. गर्भातले दोष शोधायला आलेल्या तपासण्या आपण मुली पाडायला वापरल्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात पहिला कायदा करावा लागला. आज सिकलसेल, उद्या गोरा रंग. लग्नाच्या जाहिराती वाचता ना?

चष्मिष्ट: कायद्याने सोनोग्राफी बंद नाही केली, लिंग सांगणं बंद केलं. इथंही तेच करा.

रानवारा: सोनोग्राफी चुकली तर पुन्हा करता येते. त्या जुळ्यांपैकी एकीच्या जनुकाची एक प्रत बदललीच नव्हती, म्हणजे संरक्षण जवळपास शून्य. हे आधी कळूनही गर्भ रोपला. दोघं रुग्ण असलेल्या जोडप्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तेवढं मान्य. पण पहिलं मूल कुणाचं, हे तुम्ही सांगा. ताईंचं चालेल?

चष्मिष्ट: विचारून सांगतो.