४×५ साठी ९० की १५०?

४×५ इंची शीट फिल्मच्या कॅमेऱ्यावर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरचे टॉवर टिपायला स्वस्तातली जुनी ९० मिमी अँग्युलॉन एफ ६.८ ही वाइड लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. या कामासाठी अजिबात नको. ती ४×५ ची शीट जेमतेम झाकते. उंच इमारतीच्या रेषा सरळ ठेवायच्या तर कॅमेरा वर न झुकवता फ्रंट राइझ द्यावा लागतो, म्हणजे लेन्सच वर सरकवावी लागते, आणि इमेज सर्कल (लेन्स फिल्मवर पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ) तोकडं असेल तर फोटोचे कोपरे काळे पडतात. शीटचा कर्ण साधारण १५० मिमी. सर्कल त्याच्यापेक्षा जेवढं मोठं, तेवढीच लेन्स सरकवायला जागा. सुपर अँग्युलॉन ९० एफ ८ चं सर्कल एफ २२ ला (छिद्र बारीक केल्यावर) २१६ मिमी आहे, म्हणजे राइझला भरपूर वाव. मात्र ग्राउंड ग्लासवर (फ्रेम बघायच्या मागच्या धूसर काचेवर) कडा अंधारतात, डोक्यावर घ्यायचं काळं कापड जाड हवं.

तरी पहिलीच लेन्स असेल तर मी १५० मिमी एफ ५.६, म्हणजे ४×५ ची नॉर्मल लेन्स, घ्या म्हणेन. निक्कोर-डब्ल्यू किंवा सिम्मार-एस, दोन्हींचं सर्कल २१० च्या आसपास. ठाण्यातलं कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव, माणसं, सगळं जमतं.

आणि खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते. पैसे देण्याआधी मागून टॉर्च मारून काचा बघाच. शटर १ सेकंदावर लावून ऐका. जुन्या शटरचे मंद वेगच आधी अडखळतात.