ट्रेडमार्कच्या लेबलात देवीचे नाव, गावाचे नाव आणि आजीचे छायाचित्र चालेल का?

चटणीवाल्या ताई, कोल्हापूर

आमचे कुटुंब कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी आणि मसाले तयार करते. भागीदारी संस्थेच्या नावाने आम्ही वर्ग 30 मध्ये (चटणी-मसाले ज्यात मोडतात तो मालाचा वर्ग) ट्रेडमार्कसाठी, म्हणजे व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी, अर्ज केला. लेबलावर ‘अंबाबाई अस्सल कोल्हापुरी चटणी’ ही अक्षरे, मागे देवळाचे शिखर आणि कोपऱ्यात आमच्या आजीचे छायाचित्र आहे. ही चटणी मुळात आजीच्या हातची. त्या 2016 साली वारल्या. आता ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल आला असून त्यात ‘अस्सल’ व ‘कोल्हापुरी’ हे शब्द वर्णनात्मक असल्याचा आक्षेप आहे आणि छायाचित्राबाबत संमती मागितली आहे. देवीच्या नावाचीही आम्हाला धास्ती आहे. त्यातच थोरल्या बंधूंनी गरम मसाल्यासाठी ‘शिवराय’ हे नाव आणि जिरेटोपाचे चित्र निश्चित केले आहे. यांपैकी काय ठेवता येईल आणि काय काढावेच लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नोंदणी सल्लागार, पुणे

ताई, आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. काही शब्द वापरण्यास कोणतीही हरकत नसते, मात्र त्यांवर एकट्याचा हक्क मिळत नाही. काही गोष्टी कोणाची तरी संमती घेतल्यावर चालतात. आणि काही नावे नोंदणीत तर नाहीच, पण व्यापारातही वापरता येत नाहीत.

‘अस्सल’ आणि ‘कोल्हापुरी’ पहिल्या प्रकारात येतात. ट्रेडमार्क अधिनियम, 1999 च्या कलम 9(1) नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा उगमस्थान एवढेच सांगणाऱ्या शब्दांना नोंदणी नाकारली जाते, कारण कोल्हापुरातल्या प्रत्येक चटणीवाल्याला ते शब्द लागणारच. गंमत अशी की, हीच चटणी भिवंडीत तयार होत असती, तर तोच ‘कोल्हापुरी’ शब्द ग्राहकाची फसवणूक करणारा म्हणून कलम 9(2) खाली अडकला असता. शब्द खरा असला तर वर्णनात्मक ठरतो आणि खोटा असला तर फसवा! अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापरामुळे त्या शब्दाला ग्राहकांच्या मनात तुमच्याच मालाची ओळख मिळाली असेल, तर अपवाद आहे, पण गावाच्या नावाबाबत ते सिद्ध करणे फार अवघड जाते. म्हणून उत्तरात असे लिहावे की आपण संपूर्ण लेबलाची नोंदणी मागत आहात आणि या दोन शब्दांवर स्वतंत्र हक्क सांगत नाही. कलम 17 चा अर्थही तोच आहे: नोंदणी संपूर्ण चिन्हाची होते, त्यातल्या प्रत्येक तुकड्याची आपोआप होत नाही.

छायाचित्राचा मुद्दा सोपा आहे. जिवंत व्यक्तीचे, किंवा अर्जाच्या तारखेपूर्वीच्या 20 वर्षांत निधन पावलेल्या व्यक्तीचे नाव अथवा चित्र चिन्हात असेल, तर कलम 14 खाली निबंधक (ट्रेडमार्क नोंदणीचे अधिकारी) त्या व्यक्तीची किंवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधींची लेखी संमती मागू शकतात. आजींच्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, आत्यांच्यासुद्धा. आज घरात गोडी असताना सह्या मिळतात, वाटणीच्या वेळी मिळत नाहीत.

‘शिवराय’ मात्र तिसऱ्या प्रकारात मोडते. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत, आणि ‘शिवाजी’, ‘गांधी’, ‘नेहरू’ हे नुसते शब्दही आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ती नावे, किंवा त्यांचा भास होईल अशी नक्कल, व्यापारासाठी वापरता येत नाही. ‘शिवराय’ या शब्दाशेजारी जिरेटोप ठेवल्यावर ही नक्कल नव्हे असे म्हणायला जागाच उरत नाही. अनुसूचीत चित्रापुरता एक अपवाद आहे तो जाहिरातीसाठी न वापरल्या जाणाऱ्या दिनदर्शिकांचा, आणि तो मसाल्याच्या पाकिटाला लागू होणार नाही. बंधूंना आताच थांबवा, साचे व पाकिटे छापून झाल्यावर नको.

किराणा घाऊक, सांगली

सल्लागारांनी देवीचा मुद्दा सोडला आहे, म्हणून लिहितो. देवाचे नाव असले की नोंदणी मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. कलम 9(2) मध्ये मनाई आहे ती कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावू शकणाऱ्या मजकुराला. देवीचे चित्र चपलेवर आणि देवीचे नाव चटणीवर, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. अडचण दुसरीकडे आहे. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावाची नोंदणी मागणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले की धर्मग्रंथाच्या नावावर कोणी एकटा मक्तेदारी सांगू शकत नाही. त्या व्यापारात इतरही अनेकजण ते नाव वापरत होते, हेही न्यायालयाने विचारात घेतले. ‘अंबाबाई’ बाबत हाच प्रश्न येईल. शोध घेतलात तर एकाच देवतेच्या नावाची कितीतरी चिन्हे सापडतात, आणि मग कलम 11 खाली आधीच्या चिन्हाशी साम्य असल्याचा आक्षेप येतो.

कायद्यापलीकडचे एक सांगतो. संभाजी हे नाव असलेल्या विडीचे उत्पादन कित्येक वर्षे चालले होते. शेवटी लोकांच्या आक्षेपांमुळे उत्पादकांनाच नाव बदलावे लागले. चटणीची विडीशी तुलना नाही, पण रिकामी पाकिटे उकिरड्यावर पडतात, आणि त्यांवर शिखराचे चित्र असणे माझ्या दुकानातल्या काही गिऱ्हाइकांना तरी रुचत नाही. मी असतो तर आजींचे नाव मोठ्या अक्षरांत घेतले असते.

चटणीवाल्या ताई, कोल्हापूर

दोघांचेही आभार. आजीचे नाव मुख्य करावे हे घरात सर्वांना पटले आहे. आता याच अर्जात ‘अंबाबाई’ व शिखर काढून आजीचे नाव घालता येईल का? शिवाय छापून आलेल्या नव्या पाकिटांवर वर्तुळातील ‘आर’ आधीच आहे, त्याचे काय करावे?

नोंदणी सल्लागार, पुणे

याच अर्जात तसा बदल करता येणार नाही. किरकोळ दुरुस्ती चालते, पण चिन्हाचे स्वरूपच बदलणारा फेरफार स्वीकारला जात नाही, आणि येथे तर मुख्य नावच बदलत आहे. नवा अर्ज करावा. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदीचा दाखला) असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी 4500 रुपये आहे, इतरांना 9000. मराठी अक्षरांचे लिप्यंतर आणि भाषांतर अर्जातच द्यावे. आजींचे नाव आधीपासून वापरात असेल, तर जुनी बिले व छापील पाकिटे जोडून तसे शपथपत्र करावे. नसेल, तर ‘वापर प्रस्तावित’ असे लिहावे, कारण जुन्या लेबलाचा वापर नव्या नावाच्या खात्यावर जमा होत नाही. पहिला अर्ज चालू ठेवायचा असेल, तर अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावे, अन्यथा तो सोडून दिल्याचे धरले जाईल.

वर्तुळातील ‘आर’ ताबडतोब झाकावा. ती नोंदणीकृत चिन्हाची खूण आहे, आणि नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचे दर्शविण्यास कलम 107 खाली मनाई असून त्याला आर्थिक दंड सांगितला आहे; पूर्वी तीन वर्षांपर्यंतची कैदही होती. नोंदणी मिळेपर्यंत ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहिण्यास हरकत नाही. आणखी एक: एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) चिन्ह पाकिटावर नियमानुसार छापायचेच आहे, पण नव्या अर्जासोबत जे चित्र जोडाल त्यातून ते, वजन आणि किंमत वगळा. बऱ्याच जणांकडून संपूर्ण पाकीटच अर्जाला जोडले जाते आणि मग आक्षेपांची यादी विनाकारण लांबते.