जपानची व्हेल-शिकार: निदान 'संशोधना'चं सोंग तरी संपलं

भरतीओहोटी
१ जुलै २०१९ला जपानने उघडपणे व्यापारी व्हेल-शिकार सुरू केली तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली. मला मात्र त्याआधीची तीस वर्षं जास्त लाजिरवाणी वाटतात.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ साली ठराव केला आणि १९८६पासून व्यापारी शिकार बंद झाली. पण मूळ करारात एक पळवाट होती. संशोधनासाठी व्हेल मारायचा परवाना कुठलंही सरकार देऊ शकतं आणि मारलेला प्राणी शक्यतो वाया घालवायचा नाही. १९८७पासून जपानी जहाजं याच पळवाटेतून अंटार्क्टिकला जायला लागली. जहाजाच्या कुशीवर हातभर अक्षरांत 'रिसर्च', आणि परत आल्यावर मांस बाजारात! ऑस्ट्रेलियाने जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ३१ मार्च २०१४ला १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल जपानच्या विरोधात गेला (आपले न्या. दलवीर भंडारी बहुमताच्या बाजूने होते). तरी वर्ष-दीड वर्षात नवं नाव देऊन ३३३ मिंकी व्हेल मारायचा कार्यक्रम तयार.

आता आयोग सोडला, अंटार्क्टिकही सोडलं. स्वतःच्या सागरी हद्दीत मारतात, विकतात आणि तसं सांगतात. नॉर्वे बंदीला हरकत नोंदवून जपानपेक्षा जास्त मिंकी मारतो, त्याच्या नावाने कुणी एवढे खडे फोडत नाही.

कासवछाप
म्हणजे चोरी सोडून दरोडा घालायला लागले म्हणून हार घालायचा का? आयोग सोडला त्यात मनाचा मोठेपणा कसला? सप्टेंबर २०१८मध्ये ब्राझीलच्या बैठकीत बंदी उठवायचा जपानचा प्रस्ताव ४१ विरुद्ध २७ मतांनी पडला, डिसेंबरात यांनी पाट उचलला.

आणि 'मिंकी मुबलक आहेत' हा नेहमीचा युक्तिवाद मान्य केला तरी जपानच्या शिकारीच्या यादीत सेई व्हेलही आहे, जो संकटग्रस्त आहे. २०२४पासून फिन व्हेल घातला, पहिल्या वर्षी कोटा ५९. निळ्या देवमाशाखालोखाल जगातला सगळ्यांत मोठा प्राणी हा. मादीला दोन-तीन वर्षांत एक पिल्लू होतं. कोळंबी नाही ती, पुढच्या पावसाळ्यात परत भरायला. विसाव्या शतकात माणसाने जवळपास २९ लाख व्हेल मारले, त्याची तूट अजून भरलेली नाही.

वरणभात
इथे तावातावाने लिहिणाऱ्यांनी रविवारी मटण खाल्लं नाही ना, तेवढं सांगा. बाकी चालू द्या.

कासवछाप
@वरणभात, खाल्लं, आणि आवडीने खाल्लं. पण हलत्या जहाजावरून हलत्या प्राण्यावर स्फोटक भाला मारतात. काही लगेच मरतात, काही कित्येक मिनिटं तडफडतात. असा खाटीक आमच्या आळीत असता तर लोकांनी दुकान बंद पाडलं असतं.

निशिकासाईकर
नऊ वर्षं टोकियोत आहे, म्हणून जरा आतली बाजू. इथे हा विषय जेवणाचा राहिलेलाच नाही. १९६२च्या सुमारास वर्षाला सव्वादोन लाख टनांच्या वर व्हेलचं मांस खपायचं, आता जेमतेम दोन हजार. युद्धानंतर देश उपाशी होता, तेव्हा जपानचा कारभार बघणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरने १९४६ साली जहाजं अंटार्क्टिकला जाऊ दिली आणि एक अख्खी पिढी त्यावर वाढली. आमच्या हपिसातले साठीच्या पुढचे एक काका शाळेतल्या डब्यातल्या तळलेल्या व्हेलची आठवण काढतात तेव्हा, आपल्याकडचे म्हातारे रेशनच्या मिलो ज्वारीबद्दल बोलतात ना, तसाच सूर असतो. चव कशी होती विचारलं तर हसतात. मी एकदाच खाल्लं. गाईच्या मांसासारखं, पण मागून काळजाचा वास. परत नाही खाणार.

जानेवारी २०२३मध्ये योकोहामात व्हेलच्या मांसाची व्हेंडिंग मशीन लावली, एक ते तीन हजार येनला पाकीट. माल आपसूक खपत असता तर ही वेळ आली असती का? तरीही इथे कुणी बंद करा म्हणत नाही. परदेशी माणसाने ताटात बोट घातलं की न खाणाराही ताट धरून बसतो.

खवचट_खार
परंपरा म्हणायचं तर कुठली? ताइजी गावात सतराव्या शतकापासून शिकार चालते, तिथल्या लोकांनी म्हटलं तर ऐकून घेईन. १८७८मध्ये एकाच शिकारीत त्या गावाची शंभराहून जास्त माणसं समुद्रात गेली. ते होड्या, जाळी आणि हातभाले घेऊन जायचे. अंटार्क्टिकला जपानी गेले १९३४ साली, तेही नॉर्वेचं तंत्र घेऊन. तेवढ्या हिशेबाने आमच्या गल्लीतला वडापावही प्राचीन.

भरतीओहोटी
@खवचट_खार, म्हणूनच तर म्हणतोय, अंटार्क्टिक सुटलं ते चांगलं झालं. बंदीचा हट्ट धरून बसलो असतो तर ती जहाजं आजही दक्षिणेला असती.

@कासवछाप, भावनेचा मुद्दा कळतो. मूळचा रत्नागिरीचा आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, लोक दोन दिवस त्याच्यावर पाणी मारत, ओढत, ढकलत होते. शेवटी गेलंच ते. पण त्याच कोकणपट्टीत देवमाशाच्या उलटीची तस्करी करणारेही दर थोड्या दिवसांनी पकडले जातात, तेव्हा आपण फार सोवळे आहोत असंही नाही. फिनबद्दल मात्र मागे येतो. तो कोटा नको होता.

निशिकासाईकर
पैशाचं कुणीच बोललं नाही. २०११च्या त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणी निधीतले सुमारे २.३ अब्ज येन व्हेल-शिकारीला गेले होते. किनाऱ्यावरची शिकारी गावं उद्ध्वस्त झाली हे खरं, पण त्या वर्षी लोक तात्पुरत्या घरांत राहत होते.

कासवछाप
बरं, @भरतीओहोटी, एवढंच सांगा. मांस कुणी खात नाही, शिकार फक्त स्वतःच्या हद्दीत. मग २०२४मध्ये साडेसात अब्ज येन घालून 'कांगेई मारू' हे नवं कारखाना-जहाज बांधलं, त्याला थेट अंटार्क्टिक गाठण्याएवढा पल्ला कशाला दिला?

भरतीओहोटी
याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो पल्ला बघून मलाही खटकलं होतं.