मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसलं, पण झाकण मिटून उघडलं की वायफाय गायब

आईचा लॅपटॉप २०१६चा आहे. आय५, सहाव्या पिढीचा ६२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) १.२. मूळची हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकली, तेव्हापासून छान चालतोय. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, म्हणजे दोन्ही बाबतीत आम्ही मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर.

आई मुद्रितशोधन करते. दिवसाचे पाच-सहा तास हात याच कीबोर्डवर असतात. कळांवर इन्स्क्रिप्टची (मराठी कीबोर्डच्या एका मांडणीची) अक्षरं चिकटवली आहेत, त्यातली 'क' आणि 'र'ची पार झिजून पांढरी झाली आहेत, पण तिच्या बोटांना जागा पाठ आहेत. नवा घेऊया म्हटलं की विचारते, "याला काय झालंय?" आणि खरंच काही झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, एवढंच. तिच्या मेलमध्ये लोकांची अप्रकाशित पुस्तकं येतात, त्यामुळे सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर तिला काम करू देणं मला पटेना.

मी काय केलं ते क्रमाने सांगते. आधी विंडोज १०सकट अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग रुफस या प्रोग्रॅमने विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवला, त्यात टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढायचा पर्याय निवडला आणि एसएसडी पुसून कोरं इन्स्टॉल केलं. अडथळा कुठेच आला नाही. जुन्या लायसन्सवर ॲक्टिव्हेशन आपोआप झालं, मराठी कीबोर्ड जोडला, आईने पहिल्यांदा 'दऱ्या' टाइप करून अर्धा र नीट उमटतोय ना ते पाहिलं आणि कामाला बसली. दर महिन्याची अपडेटंही आतापर्यंत येत आहेत.

आता अडचण. झाकण मिटून ठेवलं आणि तासाभराने उघडलं की तीन-चार वेळांत एकदा वायफाय नाहीसं होतं. खाली कोपऱ्यात पंख्यासारखी खूण असते तिथे पृथ्वीचा गोल दिसतो, वायफायचं बटणच सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डासमोर पिवळा त्रिकोण आणि कोड १०, म्हणजे 'हे उपकरण सुरू होऊ शकत नाही'. गंमत वाटेल, पण शट डाउन करून परत चालू केलं तरी ते येत नाही. रीस्टार्ट केलं की येतं. विंडोज १०वर असं एकदाही झालं नव्हतं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मागच्या आवृत्तीवर न्यावा म्हटलं तर 'रोल बॅक'चं बटण फिकट, दाबलंच जात नाही.

दुसरं, थोडा संथपणा. मोठी वर्ड फाइल ट्रॅक चेंजेससह उघडली की पानं सरकवताना अडखळतं. पूर्वी इतकं नव्हतं.

मी आणखी आठ दिवस इथे आहे, मग परत जायचं. मी जवळ असताना काहीही बिघडलं तरी मला भीती नाही, पुसून पुन्हा बसवेन. पण मी नसताना, उद्या सकाळी फाइल पाठवायची असताना वायफाय गेलं तर आईने काय करायचं? म्हणून माझा खरा प्रश्न असा : यादीबाहेरच्या मशीनवर विंडोज ११ अशा माणसाच्या हाती सोपवण्याइतकं भरवशाचं करता येतं का? की इमेज परत टाकून विंडोज १०वरच राहू?

लिनक्स सुचवणार असाल तर कारण आधीच सांगते. मी स्वतः ते वापरते आणि इन्स्क्रिप्ट तिथेही आहे. पण आईला प्रकाशकांकडून येणाऱ्या वर्ड फाइलींची पानं लिबरऑफिसमध्ये हलतात आणि तिच्या खुणा पान-ओळीच्या हिशेबाने असतात. त्यामुळे तो मार्ग सध्या बंद.

प्रतिसाद १

शट डाउन आणि रीस्टार्टमधला फरक तुम्ही टिपलात तिथेच बरंचसं उत्तर आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि चालू करताना तीच परत उचलतं. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून आधी फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण काय करेल' या पानावर आहे. एसएसडीवर चालू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवणारही नाही.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा.

रोल बॅक फिकट आहे कारण तुम्ही कोरं इन्स्टॉल केलंत, मागे जायला आधीचा ड्रायव्हरच नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तुमच्या मॉडेलचा विंडोज १०, ६४-बिटचा वायफाय ड्रायव्हर उतरवून घ्या. ११वर तो बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो. तो टाकल्यावर 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडा, म्हणजे अपडेट त्याच्यावर दुसरा आणून बसवणार नाही. आणि ती फाइल जपून ठेवा.

प्रतिसाद २

संथपणाबद्दल विचारतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सोय) चालू केली आहे का?

प्रश्नकर्ती

हो, मीच चालू केली. सुरक्षेसाठीच तर हा सगळा खटाटोप, म्हणून बंद दिसल्यावर लगेच चालू केली.

प्रतिसाद २

मग तेच असणार. ही सोय वेगाने चालायला प्रोसेसरमध्ये एक खास क्षमता लागते, ती इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली. सहाव्या आणि त्याआधीच्या पिढ्यांत तेच काम सॉफ्टवेअरकडून नक्कल करून घेतलं जातं आणि त्याचा भार जाणवतो. बंद करून दोन दिवस त्याच फाइलवर काम करून बघा. संरक्षणाचा एक थर कमी होतो हे खरं आहे, पण महिन्याची अपडेटं, डिफेंडर (विंडोजचाच अँटीव्हायरस) आणि रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं साधं खातं हे तिघं जागेवर असतील तर मी माझ्या घरी हा सौदा करेन. आईंचं खातं ॲडमिन असेल तर तेवढं नक्की बदला.

आता तुमचा मोठा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलं आहे की अटींत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, सुरक्षा अपडेटसुद्धा त्यात आली. येत आहेत तोवर येत आहेत. २४एच२च्या होम आणि प्रो आवृत्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. पुढची २५एच२ यादीबाहेरच्या मशीनला विंडोज अपडेटमधून आपण होऊन येत नाही, ती हाताने टाकावी लागते. योगायोग बघा, विंडोज १०ची वाढीव सुरक्षा योजना घेतलीत तर तीही १३ ऑक्टोबर २०२६लाच संपते. म्हणजे मागे जाऊन तुम्हाला एक दिवसही जास्त मिळत नाही. २५एच२ मात्र १२ ऑक्टोबर २०२७पर्यंत आहे.

माझं मत : आठ दिवस आहेत ना, मग २५एच२ आत्ताच टाका. तुम्ही तिथे असताना जे मोडायचं ते मोडू दे. रुफसची ताजी आवृत्ती घ्या, पेनड्राइव्ह बनवा आणि तो चालू विंडोजमधूनच उघडून सेटअप चालवा, फाइली आणि प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका. पुढे कधी अटी टाळायची ही वाटच बंद झाली तर?

प्रतिसाद १

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टीपीएम आणि पिढीची अट सेटअप तपासतो, ती टाळता येते. पण विंडोजच्या गाभ्यालाच एखादी प्रोसेसर-सूचना लागायला लागली तर काही चालत नाही. २४एच२मध्ये पॉपकाउंट या सूचनेचं तेच झालं, कोअर २ ड्युओवर ते सुरूच होत नाही. माझं एक जुनं मशीन तिथेच थांबलं. सहाव्या पिढीत ती सूचना आहे, तुम्हाला आज ती काळजी नाही. विंडोज १०ची इमेज मात्र पुसू नका.

प्रश्नकर्ती

सहा दिवसांनी लिहिते आहे.

फास्ट स्टार्टअप बंद, वीज वाचवायची खूण काढली, कंपनीच्या पानावरचा जुना ड्रायव्हर टाकला. दोन दिवसांत झाकण मुद्दाम वीसेक वेळा मिटलं-उघडलं, एकदा तर रात्रभर मिटून ठेवलं. वायफाय एकदाही गेलं नाही. मेमरी इंटिग्रिटी बंद केल्यावर आईची चारशे पानांची फाइल सरळ सरकते. फरक तिनेच आधी सांगितला, मी काय बदललं ते तिला माहीतही नव्हतं. तिचं खातं साधं केलं.

मग २५एच२ टाकलं. व्यवस्थित बसलं, फाइली, कीबोर्ड, वर्ड सगळं जागेवर. पण संध्याकाळी झाकण उघडलं तर पुन्हा तो गोल! पाहिलं तर अपग्रेडमध्ये वायफायचा ड्रायव्हर बदलला गेला होता आणि वीज वाचवायची खूणही परत आली होती. जपून ठेवलेली फाइल चालवली, खूण काढली, पाच मिनिटांत पूर्ववत. हे मी परत गेल्यावर झालं असतं तर फोनवरून समजावताना दोघींचे हाल झाले असते.

आता डेस्कटॉपवर 'वायफाय' नावाचा फोल्डर आहे, त्यात तो ड्रायव्हर. काल आईकडून सगळं एकदा करून घेतलं : आधी रीस्टार्ट, नाही आलं तर फोल्डर उघडून फाइल चालवायची, परवानगी विचारली की ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा, मग पुन्हा रीस्टार्ट. तिने स्वतःच्या अक्षरात ते वहीत लिहून घेतलं आणि माझ्या 'रिस्टार्ट'मधली 'रि' दीर्घ केली.